साडेआठ इंचाची पायरी

मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत पंक्चरच्या दुकानापुढं टायर फुटला. असा बार झाला की माझ्या हातातली परात खाली पडली. आमचे मिस्त्री ओट्यावर चहा घेत बसले होते. ते दचकले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बार."

मी म्हणलं, "टायर फुटला. माझं पीठ सांडलं सगळं."

"टायर नाय. तिथं सकाळी आसेच बार ऐकू यायचे. एकामागं एक. फौजेचा सराव. गोजर, ती पोरगी छावणीच्या मागं राहती."

मी पीठ गोळा करीत होते. वर बघितलं तर हे चप्पल घालायले. खिशात टेप, दुसऱ्या खिशात खडू. मी म्हणलं थांबा, दोन भाकरी होऊ द्या, मी येते संगं. म्हणाले, "तू ये मागून." आता मागून कुठं येऊ, छावणीच्या मागं काय एक घर आहे का. पण ते निघाले. मला वाटलं कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघतील. तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, कोपऱ्यावर गेले तर तिथं कुणी नव्हतं.

घरात आले आणि बघितलं तर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला.

 दुसऱ्या कुणाचा माणूस फोन विसरून गेला तर घरचे म्हणतील येईल संध्याकाळी. आमच्या घरात तसं नव्हतं. ह्यांना फोनाशिवाय माझा नंबर सांगता येत नव्हता, पोरीचा नाय, घराचा नाय. कोणत्या नंबरच्या बसमधी बसायचं ते पण फोन बघून. मुकुंदवाडीतून छावणी म्हणजे अख्खं शहर ओलांडून पलीकडं. मी दारात उभी राहिले आणि मला कळंना की कुठल्या बाजूला पळू.

हे आसं कुणी कडुबा मिस्त्रीबद्दल सांगितलं असतं तर दहा वर्षांपूर्वी लोक हसले असते.

त्यांचं गाव चितेगावच्या पलीकडं. शाळा तिसरीपर्यंत. बारा वर्षांचे असताना कामाला शहरात आले आणि कय्युम चाचांच्या हाताखाली लागले. चाचा सिल्लोडचे, लई नावाजलेले मिस्त्री. नमाजाची वेळ सोडली तर दिवसभर तोंडानं हिशोब चालू. त्यांनी ह्यांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, पाव-अर्ध्याचे सगळे पाढे विटा उचलता उचलता पाठ करून घेतले. चुकलं की वीट परत खाली ठेवायची आणि पहिल्यापासून म्हणायचं. हे कधी कागदावर लिहायला गेले की चाचा म्हणायचे, "कागज भीगता, पेन्सिल टूटती. सर में रख, बेटा. सर कौन ले जाता?"

माझं लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची. चौथी शिकलेली. दुसऱ्या महिन्यापासून त्यांच्याच कामावर घमेलं उचलायला लागले. आमचं बोलणं म्हणजे आकडे. ते वरून वरडायचे, "गोजर, साडेचार." मी साडेचार घमेली माल चढवायची. मी विचारायची, "अहो, ह्या भिंतीला किती विटा?" ते भिंतीकडं बघायचे, डोळा बारीक करायचे आणि आकडा सांगायचे. संध्याकाळी सात-आठ विटा उरल्या तर बिगाऱ्यांना चिडवायचे, "तुम्ही फोडल्या नाहीत म्हणून उरल्या."

पण त्यांचं खरं नाव होतं जिन्यात. जिनेवाले मिस्त्री म्हणायचे त्यांना. दुसरे मिस्त्री भिंती करायचे आणि जिना आला की ह्यांना बोलवायचे. ते सांगायचे की भिंत वाकडी झाली तर डोळ्याला दिसती, पायरी वाकडी झाली तर पायाला कळती आणि तेव्हा माणूस पडलेला असतो. आपला पाय दोन पायऱ्यांत शिकतो. तिसरीपासून तो बघत नाही, अंदाजानं पडतो. म्हणून सगळ्या पायऱ्या सारख्या पाहिजेत. सात इंच तर सातच.

त्यांची एक रीत होती. जिना झाला, फरशीवाले येऊन फरशी बसवून गेले, की हे आठ दिवसांनी त्या घरी परत जायचे. घरातल्या बाईला वर उभं करायचे आणि म्हणायचे, "ताई, आता डोळे मिटून उतरा." स्वतः खाली दोन्ही हात पुढं करून उभे राहायचे. बाया हसायच्या, लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या. पण उतरायच्या. एक पण कधी अडखळली नाही. मी तीस वर्षं हे बघितलं. हे खाली उभे, तोंडानं मोजायले, एक, दोन, तीन, आणि अठराला बाई जमिनीवर. मग ते चहा प्यायचे. त्याच्या आधी त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत.

फोन आणला आमच्या अमृतानं. पोरगी बी.कॉम. झाली, चिकलठाण्याच्या कंपनीत लागली, पहिल्या पगारात बापाला फोन घेतला. त्याला तोंडानं विचारलं की तो बाईच्या आवाजात उत्तर द्यायचा. ह्यांनी पहिल्या दिवशी परीक्षा घेतली. "औट सत्ते किती?" ती बाई म्हणाली समजलं नाही. हे लई हसले. "अगं, साडेचोवीस. औट म्हणजे साडेतीन, एवढं माहीत नाय हिला." मग साध्या भाषेत विचारायला शिकले. मी म्हणायची, "म्हातारपणी सवत आणली का घरात?" ते म्हणायचे, "तुझ्यापेक्षा बरी, उलटून बोलत नाय."

पहिल्यांदा गंमत होती. मग कधी गंमत संपली ते मला सांगता येणार नाही. आधी ते तोंडानं हिशोब करायचे आणि फोनवर पडताळायचे. मग आधी फोनला विचारून तोंडानं पडताळायला लागले. मग पडताळणं बंद झालं. मला बरंच वाटायचं, खरं सांगते. वय झालं, डोक्याला ताण कशाला. मीच म्हणलं असंल दहा वेळा, फोनला विचारा ना.

मिसारवाडीच्या एका कामावर दुपारी फोन बंद पडला. चार्जिंग संपलं. बिगारी बाई विचारायली, मिस्त्री, किती घमेली आणू. हे तिच्याकडं बघायले. तिनं परत विचारलं. तर हे जाऊन वाळूच्या ढिगावर बसले. मी जवळ गेले. म्हणलं काय होतंय, छातीत दुखतंय का. हळूच म्हणाले, "गोजर, सात नवे किती?"

मला वाटलं चेष्टा करायलेत. चेहरा बघितला तर चेष्टा नव्हती. मी त्रेसष्ट म्हणलं. ते म्हणाले, "व्हय, त्रेसष्ट," आणि उठून कामाला लागले. पण मी ते तोंड विसरले नाही. जत्रेत हात सुटल्यावर लेकराचं होतं तसं तोंड.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले आणि भीती वाढत गेली. कुकरच्या तीन शिट्ट्या त्यांना सांगून मी पाण्याला जायची, येऊन बघते तर डाळ जळालेली आणि हे कुकरपुढंच उभे. अमृताचं वय किती विचारलं तर फोन काढायचे. अमृता म्हणली आई, दवाखान्यात न्यायचं.

घाटीत नेलं. डॉक्टर तरणा पोरगा होता, बोलायला चांगला. त्यानं तारीख विचारली, वार विचारला, मग म्हणाला, "बाबा, शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून परत सात. असं करत जा."

मला आतून हसू आलं. मनात म्हणलं, ह्या माणसाला साताचं विचारतो, ह्यांचा जन्म गेला साताच्या पायऱ्यांत.

"त्र्याण्णव," हे म्हणाले. मग थांबले. लई वेळ थांबले. "शहाऐंशी." मग परत थांबले आणि त्यांचा हात खिशाकडं गेला.

"फोन नको, बाबा. डोक्यानं."

"साहेब, डोक्यानंच करायचो," हे म्हणाले. एवढंच. हात खिशावर तसाच राहिला.

मी शेजारच्या स्टुलावर बसून मनातल्या मनात करून बघितलं. शहाऐंशीच्या पुढं मला पण येईना. मी अमृताकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. बाहेर आल्यावर म्हणली, "आई, मला पण जमलं नाय. एकोणऐंशी आहे ते मला बोटांवर मोजावं लागलं." डॉक्टरनं सांगितलं होतं की ह्यांचं वेगळं, ह्यांचा आजार सुरू होतोय, गोळ्या घ्या, घरचे जवळ राहा. पण त्या दिवशी रिक्षात आम्ही तिघं पण घाबरून बसलो होतो. मी सगळं ह्यांच्यावर टाकलं होतं. ह्यांनी फोनवर टाकलं. पोरीकडं तर पहिल्यापासून फोनच होता. आता घरात कुणाच्याच डोक्यात काही नव्हतं.

तरी पण हे एवढंच असतं तर मी सांभाळलं असतं. खरी भीती दिवाळीनंतर आली.

लीलाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्या घरी ह्यांनी जिना केला होता. रस्त्यात भेटल्या. जय भीम झालं, तब्येत झाली. जाता जाता म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीला माझा पाय ठेचतो हो. वय झालं, पाय उचलत नाय म्हणून असंल."

हे तसेच त्यांच्या घरी गेले, मी मागं मागं. टेप लावला. मधल्या पायऱ्या सात. सगळ्यात खालची साडेपाच. सगळ्यात वरची साडेआठ.

त्यांनी टेप तिथंच सोडला आणि पायरीवर बसले.

मी बाईमाणूस असून मला कळलं काय झालंय, कारण तीस वर्षं ऐकत होते. जिना कच्चा असतो तेव्हा घरात फरशी नसते. नंतर जमिनीवर माल आणि फरशी मिळून तीन इंच चढतात. पायऱ्यांवर मात्र दीडच इंच. म्हणून खालची जमीन वर येती आणि पहिली पायरी दीड इंच बुडती. वरची जमीन पण वर जाती आणि शेवटची पायरी दीड इंच वाढती. जुना मिस्त्री हे आधीच मनात धरतो. कच्च्या जिन्यात पहिली पायरी मुद्दाम दीड इंच उंच ठेवतो, मग फरशीनंतर सगळं सारखं येतं. चाचांनी हे त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पण फोनला त्यांनी विचारलं, एकशे सव्वीस भागिले अठरा. फोन म्हणाला सात. फोन काय खोटं बोलला नाही. बेरीज पण बरोबरच येती, एकशे सव्वीसच येती. फक्त माणूस पडतो.

"वरून उतरताना बघ," हे मला म्हणाले. "पाय सात इंचावर जमीन शोधतो. तिथं जमीन नसती."

आणि मला आठवलं की फोन आल्यापासून हे कुणाच्याच घरी परत गेले नव्हते. डोळे मिटून उतरवायची रीत बंद पडली होती. मी एकदा विचारलं पण होतं. म्हणाले होते, "फोननं सांगितलंय. बरोबरच असणार."

अमृतानं फोनमधी बघितलं. मागचे हिशोब त्यात राहतात. असा जिन्याचा भागाकार पाच वेळा निघाला. पाच जिने. चार आम्हाला माहीत होते. लीलाबाईंचा, मिसारवाडीचा, चितेगावला एक आणि हडकोत एक. पुतण्या राजकुमार मिस्त्रीच आहे, त्याला घेतलं. प्रत्येक घरी आधी जाऊन वरच्या पायरीवर चुन्याचा पांढरा पट्टा मारायचा, म्हणजे माणूस बघून पाय टाकतो. मग सवडीनं सतरा पायऱ्यांवर, अठरावी म्हणजे वरची जमीनच, दीड इंचाचा आणखी एक थर चढवायचा, की खालची पण सात आणि वरची पण सात. लोक काय काय बोलले. हे मान खाली घालून काम करायचे. चार जिने झाले.

पाचवा सापडंना.

तो भादव्यात केलेला. तेव्हा मी तापानं पडलेली, पंधरा दिवस कामावर नव्हते. बिगारी नाक्यावरचे, रोज वेगळे. मालक स्वतः नाक्यावर येऊन बोलून गेला होता, म्हणून फोनमधी नंबर नाही. राजकुमारनं फोनमधले सगळे बिननावाचे नंबर लावून बघितले. वाळूवाला निघाला, टँकरवाला निघाला, एक बाई निघाली तिनं शिव्या घातल्या. फोनला हिशोब विचारला होता, पत्ता कुठं सांगितला होता.

ह्यांना त्या घराचं एकच आठवत होतं. सून पोटुशी होती. वरची खोली तिच्यासाठी आणि नवऱ्यासाठीच बांधत होते. ती कच्च्या जिन्यावर चहा घेऊन यायची, एक हात कमरेवर. तिनं विचारलं होतं, बाबा, किती पायऱ्या. हे म्हणाले अठरा. ती म्हणाली, बाप रे, अठरा. तेव्हा ह्यांनी तिला सांगितलं होतं, "बेटा, फरशी बसू दे. मी येतो परत. मग तू डोळे मिटून उतर."

हे आठवलं की ते मला विचारायचे, "ती माझी वाट न बघता डोळे मिटून उतरली तर, गोजर?" मी म्हणायची आसं कोण उतरतं वेड्यासारखं. ते म्हणायचे, "मी सांगितलंय तिला." मग विचारायचे, "भादव्यात पाचवा महिना होता. आता कितवा?" मी बोटं मोजायची. नववा. पुढच्या महिन्यात परत विचारलं. मी म्हणलं आता बाळ झालं असंल. ते आणखीनच घाबरले. "म्हणजे आता कडेवर बाळ घेऊन उतरती. पाय दिसत नसतील तिला."

दिवसातून पाच-सहा वेळा हेच. कितवा महिना, बाळ केवढं झालं असंल. पुढं पुढं माझ्याच मनात ती पोरगी यायला लागली. भांडी घासताना कुठं काही पडल्याचा आवाज आला तरी मला वाटायचं ती पडली. तिचं नाव माहीत नाही, तोंड बघितलेलं नाही.

आणि त्या मंगळवारी टायर फुटला.

मी अमृताला फोन केला, राजकुमारला केला. राजकुमार गाडी घेऊन छावणीकडं गेला. मी घरीच थांबावं असं ठरलं, हे परत आले तर. मी दारात बसून राहिले. त्यांचा फोन चार्जिंगचा काढून मांडीवर घेतला. साडेअकराला माझा फोन वाजला तर अमृता. तिला छावणीच्या मागच्या पडेगावातून कुणीतरी फोन केला होता. टेपच्या पाठीवर अमृतानं मार्करनं स्वतःचा नंबर लिहून ठेवला होता, तो बघून. एक बाबा आमच्या जिन्यावर बसलेत, बोलत नाहीत.

शेजारच्या रिक्षात घालून त्या घरच्यांनीच ह्यांना घाटीत आणलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. छातीत कळ येऊन गेले, असं डॉक्टर म्हणाले. अठ्ठावन्न वय.

ज्यांच्या जिन्यावर बसले त्या महेजबीन. घाटीत माझ्यासोबत उभ्या राहिल्या, पाणी पाजलं. सांगायला लागल्या, "दीदी, मैं पहले डर गई. अनजान आदमी, सीधा जिने को टेप लगाया. मी विचारलं काय पाहिजे बाबा. बोले, तुमच्याकडं बाळ आहे का छोटं. मी म्हणलं नाय. मग वरची पायरी मोजली, म्हणाले सात आहे, बरोबर आहे, ही नाय. खडूनं खाली खूण केली. जाते जाते पानी मांगा. मैं पानी लाने गई, और आके देखा तो ऐसे भिंतीला टेकून."

त्यांच्या खिशात खडूचा एवढासा तुकडा राहिला होता. तो माझ्याकडं दिला.

तीन दिवस घरात माणसं होती. मला रडू कमी आणि भीती जास्त वाटत होती. हे आता लोकांना सांगावं तर काय वाटेल. नवरा गेला आणि ही जिन्याचं बोलती. पण मला दिसत होतं की पडेगावात कुठं तरी ती साडेआठची पायरी आहे आणि आता ती रात्रंदिवस फक्त माझ्याच डोक्यात आहे. हे होते तोवर निदान दोघांत होती. माझ्या डोक्याचा काय भरवसा, उद्या माझं पण तसंच झालं तर. मी सकाळी उठले की शंभरातून सात वजा करायची. एकोणऐंशीपर्यंत आलं की जीव भांड्यात पडायचा.

पाचव्या दिवशी मी अमृताला म्हणलं, मी पडेगावला जाते. ती म्हणली, "आई, पुण्यानुमोदन तरी होऊ दे. दहा दिवसांनी जाऊ."

मी म्हणलं, "दहा दिवसांत ती किती वेळा उतरंल, सांग."

तिनं सवयीनं फोन उचलला, मग ठेवून दिला. म्हणली चल.

महेजबीनच्या घरापासून सुरुवात केली. खालच्या पायरीला बाजूनं खडूची बरोबरची खूण होती. मग आम्हाला दिसलं की त्याच्या आधीच्या घराला पण आहे. त्याच्या आधीच्या पण. हे एक घर सोडत नव्हते. ज्या घराला बाहेरून जिना दिसला तिथं गेले होते, मोजलं होतं, खूण केली होती. मी मागं मागं चालत गेले आणि खुणा मोजल्या. चौदा. एवढ्या चौदा घरी अनोळखी माणसानं जाऊन टेप लावायचा, लोक चोर म्हणले असतील, कुणी हाकललं असंल. एका ठिकाणी खूण अर्धीच होती. अमृता तिथं भिंतीला धरून रडली. मी तिला रडू दिलं. मग आम्ही परत महेजबीनच्या घरी आलो आणि तिथून पुढं लागलो.

मी खडू घेतला होता, तोच. त्या गल्लीतली सात घरं झाली. काही नाही. पुढच्या गल्लीत एका घराच्या दाराशी बाळाची लंगोटी, दुपटी वाळत घातलेली. वरची खोली नवी, गिलाव्याला रंग नाही. मी दारातच थांबले. माझ्यानं कडी वाजवंना.

अमृतानं वाजवली. दार एका तरण्या पोरानं उघडलं, तन्वीर नाव. अमृता सांगायला लागली, आम्ही कडुबा मिस्त्री म्हणून. पुढचं तिनं सांगायच्या आधी आतून आवाज आला, "बाबा आये क्या?"

बाहेर आली ती सुमय्या. वीस-एकवीसची असंल. बाळ खांद्यावर. मी तिचे हात बघितले, पाय बघितले, कपाळ बघितलं. सगळं धड होतं. तेव्हा कुठं मी खाली बसले.

"बाबा नहीं आये? बोले थे फर्शी बैठने के बाद आता मैं," ती म्हणाली. "मी वाट बघितली. इनको भी बोली मैं, बाबाला फोन लावा."

"नंबरच नव्हता," तन्वीर म्हणाला.

मी सांगितलं बाबा गेले.  मग मी विचारलं, बेटा, वरच्या पायरीला तुझा पाय अडकतो का.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. "देखो, बोली थी ना मैं." मग मला म्हणाली, "दोन बार गिरते गिरते बची, अम्मा. एक बार पेट से थी तब. घरात सगळे म्हणले तुझाच तोल जातो, बघून चालत जा. मुझे भी लगा, मुझको चक्कर आती."

मी टेप घेतला. तो हातातून दोन वेळा सुटला. मधली सात. खालची साडेपाच. वर गेले, बसून लावला. साडेआठ. चुकून वाचलं असंल म्हणून परत लावला. परत साडेआठ. मग अमृताला वाचायला लावलं. तिनं पण तेच म्हणलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, काय चुकलं, कसं चुकलं, कुणाचं चुकलं. माझ्या माणसाचं चुकलं, असं मीच म्हणलं. आतापर्यंत हे मी कुणापुढं बोलले नव्हते. तन्वीरच्या तोंडावर राग आलेला दिसला. त्यानं काही बोलायच्या आधी सुमय्यानं त्याच्या हाताला हात लावला. रविवारी राजकुमार येईल, सतरा पायऱ्यांवर थर चढवंल, तुमचं काही लागणार नाही, असं मी सांगितलं.

पिशवीत चुन्याचा डबा आणि ब्रश आणला होता. वरच्या पायरीच्या काठावर मी पांढरा पट्टा मारला, ह्या भिंतीपासून त्या कठड्यापर्यंत. वाळेपर्यंत वर सगळे उभे राहिलो. बाळ जागं होतं, मुलगी आहे, पट्ट्याकडं टकमक बघत होती.

मग मी खाली उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीपुढं उभी राहिले. दोन्ही हात पुढं केले, हे करायचे तसे.

सुमय्या वरून म्हणाली, "डोळे मिटू का, अम्मा?"

"नाय," मी म्हणलं. "उघडे ठेव. पट्टा बघ."

तिनं बाळ डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्या हातानं कठडा धरला, खाली बघितलं आणि पाय टाकला. मी तोंडानं मोजत होते. एक.